कारणांची वही

"तर मग यातलं खरं कारण कोणतं, बाबा?"

विश्वंभरनं वही मिटली आणि उत्तराची वाट पाहत बसला.

सायराजबाबा पळसाच्या पानांना काडी टोचत होते. सकाळपासून त्यांच्या बाजूला पत्रावळींची चवड वाढत चालली होती. वय ऐंशीच्या पुढं, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. तरी काडी हवी तिथंच टोचली जायची.

"किती कारणं म्हणालास?"

"पाच."

"पुष्कळ आहेत..."

"चार वर्षं लागली, बाबा. तीनशे अकरा माणसांना विचारलं. कुणाचा बाप पिणारा, ते रक्तातच उतरलेलं. कुणाला लहानपणी मार बसला. कुणाच्या मेंदूची घडणच अशी, की पहिल्या घोटाला त्याला जे सुख होतं ते दुसऱ्याला होत नाही. कुणाची सोबत वाईट, कुणाच्या दाराशीच दुकान. सगळं खरं आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच काहीतरी असणार. ते सापडत नाही."

बाबांनी हातातली पत्रावळ चवडीवर ठेवली.

"उकंडा!"

उकंडा विहिरीवरून पाणी घेऊन येत होता. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक.

"उकंडा, तू काहून पीत होतास रे?"

उकंडानं घागरी उतरवल्या. डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

"तहान लागे जी."

बाबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. डोळे पुसले, आणि पुन्हा हसले.

विश्वंभर उठला. वही काखेत मारून आपल्या खोलीकडं निघाला. काय विचारायला गेलो होतो, हेही त्याला वाटेत आठवेना. कानात फक्त बाबांचं हसणं होतं.

चार वर्षांत माझ्या एका शब्दानं तरी बाबा असे हसले का?

---

मठ नदीकाठच्या टेकाडावर होता. खाली डोह, डोहापाशी धक्का, आणि धक्क्यावरून दिवसातून तीनदा पलीकडं जाणारा डोंगा, म्हणजे आठ माणसांची लहान होडी. मठात यायची वाट तेवढी एकच.

लोक इथं दारू सोडायला येत. कुणी गांजा, कुणी झोपेच्या गोळ्या. बाबा कुणाला शपथ घालत नसत. तीन महिने राहायचं, काम करायचं, दोन वेळ जेवायचं. दर गुरुवारी तालुक्याचे डॉक्टर येत, लागेल त्याला औषध देत. काहींची सुटायची. काही परत यायचे. त्यांनाही पत्रावळ मांडली जायची.

नियम एकच होता. आवारात दारू आणील त्यानं डोंग्यात बसून पलीकडं जायचं. मग तो कोणी का असेना.

विश्वंभर अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. नोकरी सोडून इथं आला आणि राहिला. प्रत्येक नव्या माणसाला तो समोर बसवायचा आणि दोन-दोन तास विचारायचा. अक्षर सुंदर, नोंद चोख. डॉक्टरसुद्धा कधीकधी ती वही मागून वाचत.

उकंडा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. सतरा वर्षं प्याला. बायको मुलीला घेऊन गेली ती परत आली नाही. सहा वर्षांपूर्वी त्याला चौघांनी उचलून डोंग्यात घातलं होतं. तीन महिने झाले, सगळे गेले, उकंडा गेला नाही. पाणी भरायचा, पळसाची पानं आणायचा. नवा माणूस थरथरत पडला असला की त्याच्याजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसायचा. विचारायचा काही नाही.

आणि तरी, दोन-चार दिवस गेले की तो माणूस उकंडाच्या झोपडीसमोर बसलेला दिसायचा. बोलताना.

मला दोन तासांत जे सांगितलं नाही, ते याला फुकट?

विश्वंभरला पहिल्यांदा याचं नवल वाटलं. मग राग आला. मग त्याला एक सवय लागली.

सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी तो कान द्यायचा. उकंडाचा आवाज कुठून येतोय? बाबांच्या खोलीकडून? मग सगळा दिवस कडू जायचा. दिवसभरात बाबा "उकंडा" अशी हाक किती वेळा मारतात, हे तो मनात मोजायचा. अकरा. तेरा. एकदा एकोणीस. "विश्वंभर" अशी दोनदा, कधी तीनदा.

हाका मोजायच्या नाहीत, असं तो रोज ठरवायचा. दुपारपर्यंत पाळायचाही.

---

मार्गशीर्षात श्रीरंग आला.

श्रीरंग म्हणजे विश्वंभरचा सख्खा धाकटा भाऊ. भूमापन कचेरीत नकाशे काढायचा. त्याची रेघ केसासारखी बारीक असे, असं लोक सांगत. आता चहाचा कप धरायला दोन हात लागत होते. आईनं हातापाया पडून त्याला पाठवलं होतं.

विश्वंभरनं ती वही उघडली होती तीच मुळी या भावासाठी. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता माझ्या वहीचा उपयोग बाबांना दिसेल, त्याला वाटलं.

धक्क्यावरून त्यानंच श्रीरंगची पिशवी वर आणली. खोलीत गेल्यावर उघडून पाहिली. घडी घातलेल्या स्वेटरमध्ये चपटी बाटली होती, भरलेली, कुठल्याही दुकानात मिळते तशी.

ती ओतून टाकायची, आणि बाबांना सांगायचं. पण सांगितलं तर श्रीरंगला त्याच डोंग्यानं परत पाठवावं लागलं असतं. विश्वंभरनं बाटली आपल्या ट्रंकेत टाकली.

उद्या ओतू, तो मनाशी म्हणाला.

पहिले पाच दिवस श्रीरंगला वाईट गेले. अंगाला कापरं, घामानं अंथरूण भिजलेलं, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. डॉक्टर मुद्दाम येऊन गेले. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "याला एकटं सोडू नका."

सोडला नाही. उकंडा होता.

सहाव्या दिवशी विश्वंभरनं भावाला समोर बसवलं.

"पहिल्यांदा कधी प्यालास?"

"तुला माहीत आहे, दादा."

"तुझ्या तोंडून हवंय."

"...अण्णा गेले त्या वर्षी." वडिलांचं नाव तो हळूच बोलला.

"त्याआधी झोप लागायची का? मनात भीती असायची?"

श्रीरंग खिडकीबाहेर बघत राहिला.

"श्रीरंग, मी काय विचारतोय?"

"दादा, तू लिहिणं थांबवतोस जरा?"

विश्वंभरनं पेन थांबवलं. पण ठेवलं नाही. श्रीरंग त्या पेनाकडं बघत राहिला, आणि उठून गेला.

त्याच आठवड्यात एका दुपारी विश्वंभर उकंडाच्या झोपडीमागून चालला होता. आतून श्रीरंगचा आवाज आला आणि त्याचे पाय थबकले.

"...मी नकाशा काढला ना, उकंडाभाऊ, की आई म्हणायची, दादाला दाखव. दादा बघायचा. नेहमी एक चूक काढायचा. चूक असायचीही, खोटं नाही सांगत. पण मग मी नकाशे लपवायला लागलो. कपाटाच्या मागं. पुढं बाटल्याही तिथंच लपवल्या."

शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा येत होता.

"एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं," श्रीरंग म्हणाला. आणि हसला. मोकळं हसला, लहानपणी हसायचा तसं.

विश्वंभर भिंतीला टेकून उभा होता. भावानं त्याच्याबद्दल काय सांगितलं, ते त्यानं ऐकलं होतं. पण ते त्याला लागलं नाही. लागलं ते वेगळंच.

हे त्यानं याला सांगितलं. मला नाही.

दुसऱ्या दिवशी उकंडा पानं तोडायला गेला. विश्वंभरनं ट्रंक उघडली. बाटली धोतराच्या घडीत घेतली, त्या झोपडीत गेला, आणि तुरीच्या कोठीत हात कोपरापर्यंत घालून बाटली खाली दडवली.

ही परीक्षा आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. सहा वर्षांनंतर माणूस खरोखर मोकळा होतो का, हे एकदा कळायला हवं. वहीतलं सहावं प्रकरण याच्यावर लिहिता येईल.

बाहेर आला आणि कोपरापर्यंत लागलेली तुरीची धूळ धोतराला पुसली.

---

तीन दिवस काही झालं नाही. उकंडानं कोठी उघडलीच नव्हती.

चौथ्या दिवशी स्वयंपाकाला तूर हवी होती. उकंडा रानात होता. श्रीरंग म्हणाला, मी आणतो.

त्याचा हात कोठीत गेला, आणि काचेला लागला.

दीड तासानं लोकांना तो सापडला. झोपडीच्या दारात आडवा, बाजूला रिकामी बाटली, तूर अंगणभर सांडलेली.

बाबा काठी टेकत आले. त्याच वेळी उकंडाही पानांचा भारा घेऊन पोचला.

"कोणाची?" बाबांनी विचारलं.

श्रीरंगला धड बोलता येत नव्हतं. "कोठीत... होती..."

सगळ्यांचे डोळे उकंडाकडं वळले.

उकंडानं भारा खाली टाकला. बाटलीकडं पाहिलं, मग श्रीरंगकडं. यानंच आणली असणार आणि इथं लपवली असणार, असं त्याला वाटलं. आता याला पलीकडं पाठवतील. आणि पलीकडं गेला तर हा जगणार नाही.

"माझी जी," उकंडा म्हणाला.

बाबा काठी टेकत त्याच्यासमोर आले.

"तुझी?"

"हो जी."

"नियम ठाऊक आहे?"

"सकाळच्या डोंग्यानं जातो."

विश्वंभर मागं उभा होता. बोलायला तोंड उघडलं असतं तर शब्द फुटले असते. त्यानं तोंड उघडलं नाही.

सांगायचंच तर सगळं सांगायला हवं. त्या संध्याकाळी विश्वंभरला हलकं वाटलं. पंगतीत त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली. बाबांनी पाण्यासाठी हाक मारली, ती त्याच्या नावानं. तो धावत गेला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा श्रीरंग खोलीत पिशवी भरत होता.

"हे काय? कुठं निघालास?"

"घरी."

"अरे, एकदा पाय घसरला म्हणून... असं होतंच. वहीत शंभर जणांचं आहे. आता मी आहे ना तुझ्याबरोबर. आता नीट बसून..."

"दादा." श्रीरंगच्या आवाजात राग नव्हता. "त्याच्या कोठीत बाटली होती. सहा वर्षांनी."

विश्वंभरनं वही काखेत घेतली.

"मी त्याच्याकडं बघून दिवस ढकलत होतो. याला जमलं, मग आपल्यालाही जमेल. एवढंच होतं माझ्याजवळ. दुसरं काहीच नव्हतं." त्यानं पिशवीचा बंद ओढला. "त्याचीच सुटली नाही, तर माझी काय सुटणार. घरी जाऊन पितो. निदान आईच्या डोळ्यांसमोर तरी जीव जाईल."

तो बाहेर पडला. उतारावरून खाली जाताना दिसला.

विश्वंभर क्षणभर दारात उभा राहिला. मग वळला आणि बाबांच्या खोलीकडं पळाला. पळताना वही काखेतच होती.

---

"बाबा, बाटली मी ठेवली."

बाबा पानं निवडत होते. फाटकं पान बाजूला टाकलं.

"मी ठेवली, बाबा. श्रीरंगच्या पिशवीतली. उकंडाचा काही दोष नाही."

"का ठेवलीस?"

"मला... ते... ठाऊक नाही, बाबा. हात गेला."

"वही आणलीस?"

"...हो."

"कोरं पान काढ. आकडा घाल. तीनशे बारा."

विश्वंभरनं वही काखेतून काढली. मग खाली बसला. पान काढलं, आकडा घातला.

"बाप जळका होता?"

प्रश्न त्याचेच होते. क्रमही त्याचाच.

"होता," तो म्हणाला. "काकांनी घराला माडी चढवली, तर अण्णा वर्षभर त्या गल्लीतून गेले नाहीत."

"लहानपणी काय घडलं?"

"श्रीरंग झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला आईच्या अंथरुणातून उचलून आत्याजवळ झोपवलं. मी रडलो तर आत्या म्हणाली, तू आता मोठा झालास."

"सोबत?"

"कॉलेजात सगळे तसेच होते. कुणाचा लेख छापून आला की खोलीत कुणी बोलायचं नाही."

"दाराशी दुकान?"

"उकंडाची झोपडी माझ्या खिडकीसमोर आहे."

बाबांनी मान हलवली.

"पहिला घोट कधी घेतलास?"

विश्वंभरचं पेन थांबलं.

"मी आलो त्या पहिल्याच आठवड्यात. तुम्ही त्याच्या ताटातली भाकरी मोडून खाल्लीत, तेव्हा."

"गोड लागला?"

विश्वंभरनं पेन वहीवर ठेवलं.

"बाबा, जळत होतं. पण आत कुठंतरी... हो. गोड लागला. रोज हवासा वाटला."

"पाचही कारणं जुळली?"

"पाचही."

"एखादं चुकलं असेल. पुन्हा बघ."

विश्वंभरनं पानावरून नजर फिरवली. "नाही, बाबा. सगळी बरोबर आहेत."

"मग सुटलं?"

बाहेर कुणीतरी उकंडाला निरोप देत होतं. "सांभाळून जा गा, उकंडाभाऊ." आवाज भरून आला होता. विश्वंभरचा कान आपोआप तिकडं वळला. मी गेलो तर माझ्यासाठी कुणाचा आवाज असा भरून येईल का, हा विचार मनात येऊनही गेला.

बाबा त्याच्याकडंच बघत होते.

"...नाही," विश्वंभर म्हणाला.

"हं."

"मग हे सुटतं कशानं, बाबा?"

"मला काय विचारतोस? मी कधी प्यालो नाही." बाबांनी पुढचं पान उचललं. "ज्याला विचारायचं तो डोंग्याकडं चाललाय."

---

धक्क्यावर दोघं होते. उकंडा एका दगडावर, फडक्यात गुंडाळलेली क्लॅरिनेट मांडीवर घेऊन. श्रीरंग दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडं पाठ करून. डोंगा अजून पलीकडच्या काठाला होता.

विश्वंभर दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. धाप लागली होती.

"बाटली मी ठेवली होती."

श्रीरंग वळला. "कुठली बाटली?"

"तुझीच. तू आलास त्या दिवशी पिशवीतून काढून घेतली. आणि याच्या कोठीत ठेवली."

श्रीरंगला ते समजायला वेळ लागला. मग त्यानं भावाकडं पाहिलंच नाही. उकंडाकडं पाहिलं.

"म्हणजे तुझी नव्हती?"

"नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"मले वाटलं तुझी आहे."

श्रीरंग वाळूत बसला. गुडघ्यात डोकं घातलं आणि रडायला लागला. "तुझी नव्हती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "तुझी नव्हती..."

उकंडा सरकत त्याच्याजवळ गेला आणि पाठीवर हात ठेवला.

विश्वंभर तो हात बघत होता. माझ्या भावाच्या पाठीवर. इतकं सगळं होऊनही मनात तीच आग उठली. तीच, तशीच. त्याची त्यालाच भीती वाटली.

"उकंडा," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटेना. "तू कशी सोडलीस?"

"सुटली कुठं सर? सकाळी डोळे उघडले का पयले तेच आठवते." उकंडानं डोहाकडं पाहिलं. "मंग कोणीतरी थरथरणारं दिसते. त्याच्यापाशी जाऊन बसतो. तेवढा वेळ निघून जाते."

"एवढंच?"

"मले तं एवढंच येते."

डोंगा मधल्या धारेत आला होता. वल्ह्याचा आवाज ऐकू येत होता.

"तुमचे किती दिवस झाले, सर?" उकंडानं विचारलं.

"कशाचे?"

"जळून राहिले त्याचे."

विश्वंभरनं मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"डोळे तसेच लाल राहत जी. अन् सकाळी जास्त."

"...चार वर्षं."

"मले सतरा लागले," उकंडा म्हणाला, आणि जरा बाजूला सरकला. दगडावर एका माणसापुरती जागा झाली.

विश्वंभर बसला नाही. त्याला बसता आलं नाही.

श्रीरंगनं डोळे पुसले. उठला. पिशवी खांद्याला लावली. भावासमोर येऊन उभा राहिला, आणि विश्वंभरला वाटलं आता हा मारील. मारलं तर बरं होईल, असंही वाटलं.

"दादा, मी राहतो इथं," श्रीरंग म्हणाला. "तू जा."

"श्रीरंग..."

"नियम आहे, दादा. पिशवी वर तूच आणलीस. जा आता. नंतर बोलू. कधीतरी."

डोंगा धक्क्याला लागला. कुणीच चढलं नाही. नावाड्यानं थोडी वाट पाहिली आणि विडी पेटवली.

उकंडा आणि श्रीरंग चढ चढायला लागले. अर्ध्यावर श्रीरंगचा पाय लटपटला, कालची उतरायची होती अजून. उकंडानं क्लॅरिनेट त्याच्या हातात दिली आणि त्याला दंडाला धरून वर नेलं.

---

दुपारच्या डोंग्याआधी विश्वंभर निरोप घ्यायला गेला. हातात ट्रंक होती.

"दंडवत, बाबा. जातो."

"कुठं?"

"आईकडं. तिला पत्रात लिहिण्यासारखं नाही हे. समोर बसून सांगतो."

"सांग."

"परत आलो तर..."

"दाराला कडी कुठं आहे आपल्या?"

विश्वंभरनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. बाबांनी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. त्या तळव्याला पानांचा हिरवा वास होता. विश्वंभरचे डोळे भरले. चार वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हेच होतं.

तो उठला. ट्रंक उचलली. उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"बाबा..."

"हं."

"माझी खोली..." त्याला विचारायचं नव्हतं. तरी शब्द बाहेर पडले. "उकंडाला देणार का?"

बाबांनी पान खाली ठेवलं. ज्या डोळ्यानं दिसत होतं, त्या डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं.

"अजून उतरली नाही तुझी," ते म्हणाले. "सांभाळून जा. वाट उताराची आहे."